गोणीतला माल, पुड्यावरचं नाव

नगर-संभाजीनगर रस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव आहे. शनिशिंगणापूरला निघालेले भाविक इथल्या फाट्यावरून वळतात. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो आणि कांद्याच्या लिलावाला आजूबाजूच्या तालुक्यांतून गोण्या येतात. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी अशी प्रतवारी होते, बोली लागते, हमाली-तोलाई वजा जाऊन पट्टी हातात पडते आणि कांदा दूरच्या शहरांकडे रवाना होतो. तिथे तो चिरणाऱ्या बाईला घोडेगावचं नाव कळत नाही, शेतकऱ्याचं तर नाहीच. त्याच पट्टीच्या पैशांतून शेतकरी किराणा भरायला दुकानात शिरतो, तेव्हा समोर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळांमधल्या प्रत्येक पाकिटाला नाव असतं, रंग असतो, बहुतेकदा एखादा हसरा चेहराही असतो. बिननावाचा माल विकायचा आणि नावाचा माल विकत घ्यायचा, हा व्यवहार महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारगावांत रोज चालतो. पुड्यावरचं नाव इतकं बलवान कसं झालं, हे म्हणूनच बाजारगावात उभं राहून पाहायला हवं.

पूर्वी नाव दुकानदाराचं असे. साखर, चहा, हिंग, गोडेतेल सगळं सुटं मिळायचं. रद्दी कागदाची पुडी, तिला गुंडाळलेला दोरा, घरून नेलेली तेलाची बरणी. माल चांगला की वाईट हे दुकानदाराच्या शब्दावर ठरे. हा शब्द नेहमी खरा असे, असं मानायचं कारण नाही. मापात मारणं, मिरचीपुडीत भेसळ, तुरीच्या डाळीत लाखेची डाळ हे सगळं सुट्या मालाच्या काळातच फोफावलं. कंपन्यांनी पाय रोवले ते याच शंकेच्या जमिनीवर.

आपल्याकडचा त्याचा पहिला मोठा धडा डालडाचा. लीव्हरच्या कंपनीने १९३७मध्ये हे वनस्पती तूप बाजारात आणलं. अडचण उघड होती. तुपाशिवाय ज्यांचं पान पूर्ण होत नाही अशा लोकांना तूप नसलेलं तूप विकायचं होतं. लिंटास या जाहिरात कंपनीने मग पदार्थाआधी डबा लोकांच्या डोळ्यांत भरवला. पिवळा पत्रा, त्यावर ताडाचं झाड, घरासाठी गोल डबा आणि हॉटेलांसाठी मोठा चौकोनी. डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांतून फिरवली, चौकात पदार्थ तळून लोकांना चाखायला दिले. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही झाड ओळखता येत होतं. पुढे डालडा हे त्या प्रकारच्या तुपाचंच नाव झालं आणि रिकामे डबे घराघरांत धान्याला, पाण्याला, तुळशीला लागले. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं पडून राहणारी ती जाहिरात होती आणि तिच्या जागेचं भाडं कंपनीला कधी द्यावं लागलं नाही.

मराठी उद्योजकांनीही ही विद्या लवकर आत्मसात केली, पण तिचा सूर वेगळा ठेवला. गिरगावात १९१०मध्ये सुरू झालेलं बेडेकरांचं दुकान लोणची-मसाल्यांपर्यंत पोहोचलं. पुण्यात १९६२मध्ये हुकमीचंद आणि कमलबाई चोरडिया यांनी प्रवीण मसालेवाले उभं केलं. गिरगावातच १९५९मध्ये सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जतचे पापड लाटायला घेतले. या सगळ्यांनी विकलं ते घरपण. पुडा सांगत होता की, हे तुमच्या आजीच्या हातचंच आहे, फक्त कुटायचे कष्ट आमचे. शहरात नोकरीला लागलेल्या बाईचे हे कष्ट खरोखर वाचले. उखळ-मुसळाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ते कुटणारे हात कोणाचे होते हे विसरू नये. पाकिटातल्या मसाल्यावर सरसकट नाक मुरडणं मला म्हणूनच पटत नाही.

नाक मुरडायचं असेल तर ते पाच रुपयांच्या पाकिटाकडे बघून. ग्रामीण बाजारात शिरण्यासाठी कंपन्यांना सापडलेली सगळ्यात मोठी किल्ली हीच. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात पाचचं नाणं असतं, मजुरीवरून परतणाऱ्या बाईकडे दहाची नोट असते. किंमत या नाण्याला बांधून ठेवायची आणि महागाई झाली की वजनातून वसूल करायची. पार्ले-जीच्या छोट्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं जवळपास जागची हलली नाही आणि पुडा मात्र हलका होत गेला, हे सगळ्या देशाने पाहिलं. किंमत वाढली तर गिऱ्हाईक बोलतं, दहा ग्रॅम घटले तर बोलत नाही. पुड्याची लांबी-रुंदी तीच ठेवली की हातालाही फरक कळत नाही. वेफर्सच्या फुगलेल्या पाकिटात नायट्रोजन भरतात तो वेफर्स मऊ पडू नयेत, तुटू नयेत म्हणून, हे खरंच आहे. पण फुगवटा डोळ्याला जे आश्वासन देतो ते तळहातावर ओतलं की उरत नाही, हेही तितकंच खरं.

यावर कायदा गप्प बसलेला नाही. बांधीव मालावर वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता छापण्याची सक्ती १९७७च्या नियमांनी आली. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपण ज्याला एमआरपी म्हणतो ती, १९९०पासून. पुढे २००९चा वैधमापन कायदा आणि २०११चे नियम आले. चहा, खाद्यतेल, मीठ अशा काही जिनसा ठरावीक वजनांतच बांधाव्यात, अशी या नियमांत एक अनुसूची होती. दोन कंपन्यांचे पुडे शेजारी ठेवून तुलना करता यावी, हा तिचा हेतू. २०२२मध्ये ती रद्द झाली. वाटेल त्या वजनाचा पुडा काढायची मोकळीक कंपन्यांना मिळाली आणि तिच्या बदल्यात एकक विक्री किंमत छापणं बंधनकारक झालं. एक किलोच्या आतला पुडा असेल तर एका ग्रॅमला किती, वरचा असेल तर किलोला किती.

हा छोटा आकडा कोणी वाचत नाही, आणि वाचावा असा पुड्यावरचा तोच पहिला आकडा आहे. समजा, दहा रुपयांच्या पाकिटात २० ग्रॅम वेफर्स आहेत. ग्रॅमला पन्नास पैसे. किलोला पाचशे रुपये! बटाट्याचा बाजारभाव काय आणि हा भाव काय, हे गोणीच्या भावासाठी दिवसभर ताटकळणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मधल्या पैशांत तेल, मीठ, यंत्रं, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन आहे, पण छपाई, जाहिरात आणि चित्रातला नटही आहे.

वेष्टन नुसतं भुलवत नाही, कधीकधी ते बुडती कंपनी सावरतं. याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. ऑक्टोबर २००३मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये किडे सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने साठा जप्त केला. कंपनीचं म्हणणं असं की कारखान्यात दोष नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. प्रशासनाचा सवाल होता, मग वेष्टन कशासाठी असतं? सवाल बिनतोड होता. दिवाळीच्या विक्रीला जबर फटका बसला, कंपनीने जाहिराती थांबवल्या, दुकानदारांना साठवणुकीचे धडे देण्याची मोहीम काढली. जानेवारी २००४मध्ये वडी नव्या, बंदिस्त वेष्टनात आली आणि त्या वेष्टनाची ग्वाही द्यायला अमिताभ बच्चन आले. चॉकलेट तेच होतं. सुधारणा वेष्टनात झाली, विश्वास नटाच्या चेहऱ्याने परत आणला आणि विक्री सावरली. जे वेष्टन आधीच असायला हवं होतं, त्याचीच पुढे जाहिरात झाली. यात प्रशासनाचा वाटा मोठा आहे, आणि तो लोकांच्या आठवणीतून पुसला गेलाय याची मला चुटपुट लागते.

दिवाळीच्या पेट्यांचंही असंच. सुकामेवा किंवा चॉकलेटची भेटपेटी उघडा. वर सोनेरी झाकण, आत प्लास्टिकचे खोलगट साचे, साच्यांच्या तळाशी मूठभर माल. भेट देणारा पेटीचा आकार विकत घेतो, कारण घेणाऱ्याच्या घरी चारचौघांत दिसणार तो आकारच.

आता दाव्यांकडे वळू. पुड्याची पुढची बाजू कंपनी लिहिते, मागची कायदा लिहायला लावतो, आणि दोन्हींचं म्हणणं पुष्कळदा जुळत नाही. मुलांच्या दुधात घालायच्या, साखरेने भरलेल्या पावडरी आपण दोन पिढ्या ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून पाजल्या. अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने बोर्नव्हिटासह अशी पेयं या वर्गवारीतून काढायला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, तोवर कित्येकांची बालपणं उलटून गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा पुसायला लावला.

दूधउत्पादक नगर जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा वाद आइस्क्रीमचा. वनस्पती तेलाच्या स्निग्धांशापासून केलेल्या पदार्थाला आइस्क्रीम म्हणता येत नाही, ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावं लागतं. कप तसाच, रंग तसाच, चमचाही तसाच. नाव मात्र बारीक अक्षरात. अमूलने यावर बोट ठेवणाऱ्या जाहिराती केल्या, त्यात वनस्पती तूप ओतताना दाखवलं. हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१७मध्ये न्यायालयाने ती जाहिरात दुसऱ्याच्या मालाची बदनामी ठरवून थांबवली. जाहिरातीने मर्यादा सोडली होती, हे मान्य. तरी मूळ प्रश्न उरतोच: दुधाचं म्हणून काय विकलं जातं आणि दूध घालणाऱ्याला त्यातलं काय मिळतं?

दूध घालणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर श्रीरामपूरकडे पाहू. शेजारच्या राहाता तालुक्यातल्या रांजणखोलची प्रभात डेअरी कित्येक वर्षं दुसऱ्या मोठ्या कंपन्यांना दुधाचे घटक पुरवत होती आणि स्वतःच्या नावाने ग्राहकापर्यंत जाण्याची धडपडही करत होती. जानेवारी २०१९मध्ये तिचा दुग्धव्यवसाय सुमारे १७०० कोटी रुपयांना फ्रान्सच्या लॅक्टॅलिस समूहाकडे जाण्याचा करार झाला. साखरेची गोष्ट तर त्याहून जुनी. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखान्याचा पाया घातल्याला सत्तर वर्षं उलटली, घोडेगावजवळ सोनईला मुळा कारखाना आहे, पण साखर ५० किलोच्या पोत्यात बाहेर पडते आणि पोतं दुकानदाराच्या मागच्या खोलीत सुटतं. पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, ग्राहकाच्या नजरेला ते कधीच पडत नाही. सभासद कारखान्याचा मालक झाला, नावाचा मालक झाला नाही. संगमनेरच्या राजहंससारखी दुधाची नावं सहकारातून उभी राहिली, म्हणजे हे अशक्य नव्हतं. लासलगावच्या कांद्याला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला, कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. तेही नावच आहे, आणि गावाच्या मालकीचं. गोणीवर मात्र ते अजून क्वचित उतरतं.

घोडेगावपासून पाच-सहा किलोमीटरवर, शिंगणापुरात, पुड्याच्या नावाने देवाच्या दारातही जागा मिळवली. शनीच्या शिळेवर तेल वाहायची प्रथा. बाजारात पूजेसाठी म्हणून जे तेल मिळतं त्याच्या बाटलीवर बरेचदा ‘खाण्यासाठी नाही’ असं छापलेलं असतं, म्हणजे आत काय आहे याची जबाबदारी कोणी घेत नाही. अशा भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, ही काळजी पुढे आली आणि १ मार्च २०२५पासून फक्त शुद्ध, ब्रँडेड खाद्यतेलच वाहायचं, असा निर्णय देवस्थान आणि ग्रामस्थांनी घेतला. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण जी खबरदारी आपण शिळेसाठी घेतली ती पोरांच्या पोटासाठी घेतो का? शाळेसमोरच्या टपरीवर लटकलेली पाकिटं फिरवून त्यांची मागची बाजू कोणी वाचत नाही.

वाचायची म्हटली तरी कशी वाचणार, हा खरा पेच आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हा नियम कळला की पहिली तीन नावं पुरतात. मैदा, साखर, पामतेल या क्रमाने असतील तर पुढचं ‘दुधाची ताकद’ कितव्या नंबरवर आहे ते पाहायचं. पण ही नावं एक-दोन मिलिमीटरच्या अक्षरांत, इंग्रजीत असतात. नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरतं, मराठी ऐच्छिक. रस्त्याकडेच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, टीव्हीवर हीच कंपनी आपल्याशी अगदी घरच्यासारखं मराठीत बोलते. विकताना जी भाषा येते ती घटक सांगताना का येत नाही?

चिलीने २०१६पासून यावर सोपा उपाय केला. साखर, मीठ, स्निग्धांश जास्त असेल तर पुड्याच्या दर्शनी बाजूवर काळा अष्टकोन, आणि अशा पुड्यावर मुलांना भुलवणारी कार्टून चित्रं बंद. न्याहारीच्या गोड लाह्यांवरचा प्रसिद्ध वाघ तिथे पुड्यावरून उतरला. आपल्याकडे सप्टेंबर २०२२मध्ये प्राधिकरणाने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. तारे म्हणजे शाबासकी, आणि अति गोड पदार्थालाही अर्धा-एक तारा मिळेलच, ही त्यावरची टीका रास्त आहे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलाबाबत पावलं उचलायला तीन महिन्यांची मुदत दिली, पुढे ती वाढत गेली.

लेबल तारा असो वा अष्टकोन, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुड्यावर घटक, साखरेचं प्रमाण आणि एकक किंमत ठसठशीत मराठीतही हवी. मुदत आणि मसुद्यांच्या या घोळात ही मागणी राज्य सरकारने केंद्राकडे आणि प्राधिकरणाकडे लावून धरावी. बचतगटाच्या बायका शेवया-पापडाच्या पाकिटावर नाव, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक मराठीत छापून विकतात, तर कोट्यवधींची छपाई करणाऱ्यांना ते जमायला हरकत नसावी.