हृदयाची वाढ आणि हृदयाचे बळ

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे वृद्धिसंप्रेरक यकृताकडून आणखी एक द्रव्य तयार करवून घेते, आणि या दोहोंच्या प्रेरणेने हाडे व स्नायू वाढतात. हृदय हाही स्नायूच.

१८८६ साली पिएर मारी या फ्रेंच डॉक्टराने हातपाय व जबडा रुंदावत जाण्याच्या विकाराला ‘अ‍ॅक्रोमेगली’ हे नाव दिले. पोषग्रंथीवर गाठ होऊन संप्रेरक अतोनात स्रवू लागले म्हणजे हा विकार जडतो. बोटातली अंगठी निघेनाशी होते, जोडे अपुरे पडतात, हे रोग्याच्या ध्यानात येते. हृदयाच्या भिंती जाड होत आहेत, हे कसे यावे? असे हृदय आरंभी जोरानेच आकुंचन पावते. बिघाड होतो तो सैल पडण्यात. दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात त्याचे कप्पे रक्ताने भरावयाचे. पण ताठरलेल्या भिंती पुरत्या प्रसरण पावत नाहीत, आणि श्रम करताना दम लागतो. पुढे आकुंचनही क्षीण होऊ शकते. गाठ वेळीच काढली किंवा स्राव औषधाने आवरला, तर ही जाडी बरीच ओसरते. पीळदार शरीराच्या हव्यासाने हेच संप्रेरक टोचून घेणारे तरुण मात्र हा धोका आपण होऊन पत्करतात.

उलटपक्षी, संप्रेरकाच्या उणिवेने हृदय लहान व पातळ राहते. त्यावरूनच १९९६ साली इटलीत, फुगून दुबळे झालेल्या हृदयाच्या सात रुग्णांना ते देण्यात आले. त्यांना आराम वाटला व मोठी आशा निर्माण झाली. १९९८ साली जर्मनीत अधिक काटेकोर परीक्षा झाली. हृदयाच्या स्नायूचे वजन वाढले; रुग्णांची प्रकृती सुधारली नाही.