खर्ऱ्याच्या मुलखात रिसेप्टरची परिषद

अमरावतीहून संध्याकाळी मुंबईकडे सुटणाऱ्या गाडीत बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत जी माणसं चढतात, त्यांत तपासण्यांची जाड फाईल सांभाळत बसलेलं एखादं कुटुंब असतंच. सकाळी दादरला उतरायचं, परळच्या टाटा रुग्णालयात नंबर लावायचा आणि गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते बघायचं, हा क्रम वऱ्हाडातल्या गावोगावी ठाऊक आहे. शेंडगावात जन्मलेल्या आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांच्या नावानं दादरला कॅन्सरच्या रुग्णांची सोय होते, आणि अमरावतीचं विद्यापीठही त्यांच्याच नावाचं आहे. रुग्ण इथून मुंबईला जातात, तर कॅन्सरचं विज्ञान इकडे का येऊ नये? पेशींमधील संदेशवहन आणि कॅन्सर या विषयावरची एखादी नेटकी परिषद अमरावती-अकोल्यात भरवायची, तर पैसा कुठून आणायचा आणि कशावर खर्च करायचा, याचा विचार त्यासाठीच करायला हवा.

आधी विषय समजून घेऊ. प्रत्येक पेशीच्या आवरणात रिसेप्टर नावाची प्रथिनं बसलेली असतात. त्यांचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेरून ठरावीक रेणू येऊन चिकटला की आतलं टोक जागं होतं आणि वाढ, विभाजन, दुरुस्ती असे हुकूम पुढे जातात. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्यातून त्वचेच्या पेशींना वाढीचा हुकूम देणारा ईजीएफ हा रेणू हाती लागला, पुढे त्याचा रिसेप्टर ईजीएफआर सापडला. या कामासाठी कोहेन यांना 1986 साली रिटा लेव्ही-माँटालचिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

ईजीएफ चिकटला की दोन रिसेप्टर शेजारी येऊन जोडी जमवतात, एकमेकांवर फॉस्फेटचे गट चढवतात आणि संदेश केंद्रकापर्यंत जातो. काम संपलं की जोडी मोडते. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर लावला, की कुणी बटण दाबो न दाबो, लाईन आली की मोटार सुरू. कॅन्सरमध्ये रिसेप्टरचं तसंच होतं. त्यांच्यात बदल झाला किंवा त्यांची संख्या बेसुमार वाढली की हुकूम नसतानाही पेशी वाढत राहते. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ईजीएफआरचं प्रमाण वाढलेलं आढळतं. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये त्याचाच भाऊबंद असलेला हर-2 वाढतो. त्याला रोखणारं ट्रास्टुझुमॅब 1998 साली अमेरिकेत मंजूर झालं आणि 2014 साली त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आली.

आता हा विषय वऱ्हाडाचा कसा, ते बघा. इथल्या पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो. राज्यात गुटखाबंदी 2012 साली आली, तरी खर्रा चालूच आहे. तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारीतलं अरेकोलिन ही दोन्ही रसायनं रिसेप्टरवरच जाऊन बसतात. निकोटीन ज्यांना चिकटतं ते रिसेप्टर तोंडाच्या आतल्या पेशींवरही असतात. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातात, तोंड उघडेनासं होतं. त्या विकारात टीजीएफ-बीटा या रेणूच्या संदेशवहनाचा हात असल्याचं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पतुरू कोंडय्या यांच्या गटानं दाखवलं. म्हणजे दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या तरुणाच्या तोंडात दोन बोटं का जात नाहीत, याचं उत्तर रिसेप्टरच्या अभ्यासातच आहे.

प्रयोगशाळा आणि रुग्ण एकत्र आले की काय घडतं, याचा नमुना टाटा रुग्णालयानेच घालून दिला आहे. शरीराच्या रक्षक पेशींवर पीडी-1 हा रिसेप्टर असतो. कॅन्सर तो दाबून त्यांना गप्प बसवतो, आणि निव्होलुमॅब हे औषध तो अडवतं. पण त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. मात्र फार कमी मात्रेतही पीडी-1 रिसेप्टर औषधानं व्यापले जातात, हे आधीच्या अभ्यासातून कळलेलं होतं. टाटाच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या प्रगत कॅन्सरच्या 151 रुग्णांवर चाचणी घेतली. स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. 2022 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या खिशातून आलेला प्रश्न आणि रिसेप्टरचं ज्ञान यांची गाठ पडली, म्हणून हे झालं. परिषदेला पैसा द्यायचा तो अशा गाठी पडाव्यात म्हणून.

पैसा मिळण्याच्या वाटा आहेत. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर, आयसीएमआर यांच्याकडे परिषदांसाठी अनुदानाच्या योजना राहिल्या आहेत. संशोधनाला निधी देणाऱ्या सर्ब या केंद्रीय मंडळाचं काम आता 2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेलं आहे. 2019 पासून कंपन्यांचा सीएसआर निधी सार्वजनिक विद्यापीठांतल्या विज्ञान-वैद्यक संशोधनालाही देता येतो.

औषध कंपन्यांचा पैसा मात्र जपून घ्यावा. मार्च 2024 च्या आचारसंहितेनुसार, वक्ता नसलेल्या डॉक्टरच्या प्रवासाचा वा हॉटेलचा खर्च कंपनीला करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. जिचं औषध चर्चेत आहे तिच्याच पैशावर परिषद उभी राहिली, तर 20 मिलिग्रॅमचा प्रश्न व्यासपीठावर कोण विचारणार?

एकाच दारावर विसंबण्यातही धोका असतो. भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन जानेवारी 2023 मध्ये नागपूरला भरलं. त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान विभागानं पाठिंबा काढला आणि जानेवारी 2024 चं अधिवेशन भरलंच नाही. म्हणून परिषद लहान ठेवावी, आणि निधी तीन-चार ठिकाणांहून थोडा थोडा गोळा करावा.

खर्चाचा कागद तयार करताना खरी परीक्षा असते. नॅकच्या मूल्यांकनातल्या गुणांसाठी उरकलेल्या परिषदांत मंडप, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांच्या भाषणांवरच रक्कम उडते. विद्यार्थी शेवटच्या रांगेत बसतो आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातो. तोच पैसा चार कामांना लावावा. बुलढाणा, वाशीम, यवतमाळच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचा प्रवास आणि मुक्काम. तालुक्याच्या गावी तोंड तपासणाऱ्या दंतवैद्यांना आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना मोफत नोंदणी. अर्धा वेळ फक्त पोस्टर आणि प्रश्नोत्तरांसाठी. आणि एक दिवस मराठीतून, आशाताईंसह.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शिवार फेरी भरवतं. शेतकरी प्रयोगाच्या वावरात फिरतात, वाणापुढे उभे राहून शास्त्रज्ञांना थेट विचारतात. म्हणजे संशोधकाला आपल्या लोकांसमोर उभं करण्याची रीत वऱ्हाडाला नवी नाही. कॅन्सरच्या बाबतीत ती अजून रुजायची आहे, एवढंच.

अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागानं, अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं आणि इथल्या दंत महाविद्यालयांनी मिळून एकच अर्ज करावा. त्यात ‘अपेक्षित फलित’ या रकान्यात उपस्थितांचा आकडा टाकू नये. परिषदेनंतर वर्षभरात वऱ्हाडातल्या रुग्णांवर कोणता एक अभ्यास सुरू होईल आणि तो कोण करील, हे तिथे नावानिशी लिहावं. देणाऱ्यांनीही वर्षाअखेरीस तेवढंच विचारावं.