शिक्षेला स्थगिती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे

खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती अपील प्रलंबित असतानाच तुरुंगाबाहेर आली की न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात स्थगिती मिळते ती केवळ शिक्षेच्या अंमलबजावणीला. दोषसिद्धी कायम राहते.

हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४३० मध्ये आहे. त्यानुसार अपिलीय न्यायालय कारणे लेखी नोंदवून शिक्षा स्थगित करू शकते आणि दोषी व्यक्तीची जामिनावर सुटका करू शकते. मात्र, गुन्हा मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या कारावासास पात्र असल्यास सुटकेपूर्वी सरकारी वकिलांना लेखी हरकत घेण्याची संधी देणे बंधनकारक आहे. सुटकेनंतरही जामीन रद्द करण्यासाठी सरकार पक्षाला अर्ज करता येतो.

खटला सुरू असताना आरोपीला निर्दोष मानले जाते. दोषसिद्धीनंतर हे गृहीतक उरत नाही. त्यामुळे या टप्प्यावर दिलासा मिळणे अधिक कठीण असते. पुराव्यांची नव्याने छाननी न करता, निकालात सकृद्दर्शनी ठळक त्रुटी आहे का आणि अपिलात निर्दोष सुटण्याची वाजवी शक्यता दिसते का, हे न्यायालयाने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खून खटल्यात स्पष्ट केले.

दुसऱ्या बाजूला प्रश्न विलंबाचा आहे. पाच-सहा वर्षे तुरुंगात काढल्यानंतर दोषसिद्धीच रद्द झाली, तर ती वर्षे कोण परत करणार? याच विचारातून सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, अपिलाची सुनावणी वाजवी काळात होऊ शकत नसेल तर सबळ कारण नसताना जामीन नाकारू नये, अशी भूमिका घेतली. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अपवादात्मक परिस्थिती नसल्यास उदार दृष्टिकोन ठेवावा, असे न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले. अन्यथा अपील निकाली निघण्यापूर्वीच शिक्षा भोगून संपण्याची आणि अपिलाचा हक्क कागदावरच राहण्याची भीती असते.

लोकप्रतिनिधींसाठी शिक्षा आणि दोषसिद्धी यांतील फरक निर्णायक ठरतो. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाल्यास सदस्यत्व जाते. केवळ शिक्षेला स्थगिती मिळून ते वाचत नाही. राहुल गांधी यांच्या मानहानी खटल्यात ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली. त्यानंतर त्यांची खासदारकी पूर्ववत झाली.

अपील फेटाळले गेल्यास दोषी व्यक्तीला उर्वरित शिक्षा भोगण्यासाठी तुरुंगात परतावे लागते. जामिनावर बाहेर घालवलेला काळ शिक्षेच्या मुदतीत धरला जात नाही.