स्कोअर ७८१, तरी कर्ज नामंजूर

गेल्या जुलैत आमच्या वाईच्या घराची मागची भिंत पावसाने खचली. फोनवर आई म्हणाली, "काही नाही रे, थोडी माती पडलीय." पण बहिणीने पाठवलेल्या व्हिडिओत स्वयंपाकघरातून थेट परसातली केळ दिसत होती. बाबा पंचाहत्तरीला आलेत, आईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, त्यामुळे तात्पुरतं भाड्याच्या घरात हलवायचं म्हटलं तरी प्रश्नच. गवंडी आणि इंजिनीअर दोघांनीही सांगितलं, की नुसती भिंत बांधून भागणार नाही, मागची बाजू पायापासून उचलावी लागेल. आणि तेही पुढच्या पावसाळ्याच्या आत. सगळा हिशेब दिरहममध्ये मांडला तर साठ हजारांच्या घरात गेला.

मी राहतो शारजाला, नोकरी दुबईत. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून इथे आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. पगार १८ हजार दिरहम. ऐकायला बरा वाटतो, पण घरभाडं आणि लेकीच्या शाळेची फी गेली की हातात किती उरतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हटलं, पर्सनल लोन काढू. त्याआधी आपली पत किती आहे ते बघून घेऊ.

इथे ती बघायची जागा म्हणजे अल एतिहाद क्रेडिट ब्युरो. २०१० च्या संघीय कायद्यातून उभी राहिलेली ही सरकारी मालकीची संस्था २०१४ पासून काम करते आहे. बँका, फायनान्स कंपन्या, टेलिफोन कंपन्या यांच्याकडून आपली माहिती तिथे जमा होते. यूएई पासने अ‍ॅपमध्ये शिरायचं, फी भरायची, की ३०० ते ९०० मधला एक आकडा समोर येतो. माझा आला ७८१. मी तो स्क्रीनशॉट बायकोला पाठवला. दहावीचा निकालही मी एवढ्या उत्साहाने कोणाला दाखवला नव्हता.

चार दिवसांनी बँकेचा एसएमएस आला. आपला अर्ज मंजूर करता येत नाही. बस्स, एवढंच. कारण नाही, खुलासा नाही.

सॉफ्टवेअरवाल्याची सवय वाईट असते. काही चाललं नाही की तो आधी डेटा तपासतो. मी पुन्हा पैसे भरून पूर्ण रिपोर्ट घेतला आणि ओळ न् ओळ वाचली. एकही हप्ता चुकलेला नाही, एकही चेक परत गेलेला नाही, मोबाइलचं बिल वेळेवर. रिपोर्टमध्ये चूक नव्हती. मग चूक बँकेची असणार, असं ठरवून मी दुसऱ्या बँकेत अर्ज केला. तिथूनही नकार. शिवाय प्रत्येक अर्जाची नोंद रिपोर्टमध्ये होते, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणजे तिसऱ्या बँकेला दिसणार, की हा माणूस दारोदार फिरतोय.

तिसऱ्या बँकेत मात्र अर्ज न करता मी नुसता जाऊन बसलो. समोरचा अधिकारी केरळचा होता. त्याने माझा स्कोअर पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "स्कोअर बढिया है सर, लेकिन डीबीआर नहीं बैठेगा." मग कॅल्क्युलेटर ओढून त्याने दोन मिनिटांत जे मांडलं, ते मला दोनदा पैसे भरून घेतलेल्या कागदांत कुठेच सापडलं नव्हतं.

डीबीआर म्हणजे पगाराच्या तुलनेत कर्जफेडीचा बोजा. यूएईच्या सेंट्रल बँकेच्या २०११ च्या नियमांनुसार सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. पर्सनल लोन पगाराच्या वीस पटींपर्यंत मिळू शकतं आणि ते जास्तीत जास्त ४८ महिन्यांत फेडावं लागतं. वीस पट म्हणजे माझे ३ लाख ६० हजार. मला हवे होते फक्त ६०. मी त्या एकाच आकड्याकडे बघून निर्धास्त होतो.

आता निम्म्याचा हिशेब बघा. १८ हजारांचे निम्मे ९ हजार. गाडीच्या कर्जाचा हप्ता १,७००. आणि क्रेडिट कार्डं तीन. दोन तर मॉलमध्ये कोणीतरी भेटवस्तू देऊन गळ्यात मारलेली, कपाटात पडून असलेली. तिन्हींची मर्यादा मिळून १ लाख २० हजार. मी म्हटलं, "अहो, पण त्यांवर बाकी शून्य आहे." तो हसला. बाकी कितीही असो, कार्डाच्या मर्यादेचे पाच टक्के दरमहाचा बोजा म्हणून धरायचे, ही इथल्या बँकांची सर्रास पद्धत आहे. तुम्ही उद्या सकाळी उठून तिन्ही कार्डं पूर्ण वापरू शकता ना, मग ते धरायलाच हवं. म्हणजे ६ हजार. त्यात गाडीचे १,७००. झाले ७,७००. उरले १,३००. आणि ६० हजारांचा ४८ महिन्यांचा हप्ता येत होता साधारण १,४३०.

एकशे तीस दिरहम. एवढ्यासाठी माझा अर्ज दोनदा परत आला होता.

खरी गंमत पुढे आहे. कार्डाची मर्यादा मोठी आणि वापर कमी असेल, तर स्कोअरच्या नजरेत तुम्ही शहाणे ठरता, कारण उपलब्ध मर्यादेच्या किती भाग वापरता याकडे तो बघतो. म्हणजे माझी दोन पडीक कार्डं एकीकडे ७८१ ला हातभार लावत होती आणि दुसरीकडे तीच माझं कर्ज अडवत होती. एकच गोष्ट, पण विकत घेतलेल्या आकड्यात ती गुण म्हणून मोजली जाते आणि बँकेच्या टेबलावर दोष म्हणून.

यात ब्युरोने फसवलं असं मी म्हणणार नाही. स्कोअर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, की हा माणूस हप्ते वेळेवर भरेल का? बँकेचे प्रश्न मात्र चार-पाच असतात. पगार किती, त्यातला मोकळा किती, कंपनी आमच्या यादीत आहे का, पगार आमच्याकडे जमा होणार का, नोकरीत किती काळ झाला? आपला इथला मुक्काम व्हिसावर आणि व्हिसा नोकरीवर, त्यामुळे परदेशी माणसाच्या बाबतीत हे प्रश्न स्कोअरइतकेच वजनदार असतात. स्कोअर हा उंबरठा आहे. तो नसेल तर दारातूनच परत पाठवतात. माझ्या एका सहकाऱ्याचं जुन्या सिमकार्डचं थकलेलं बिल रिपोर्टमध्ये निघालं आणि त्याचं प्रकरण तिथेच थांबलं. पण उंबरठा ओलांडला म्हणजे पाट मांडलेला असतो, असं नाही.

हे फक्त आखातात घडतं असंही नाही. अमेरिकेत तर ग्राहकाला विकला जाणारा स्कोअर आणि कर्ज देणारा वापरतो तो स्कोअर हेच कित्येकदा वेगळे असतात. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने, म्हणजे सीएफपीबीने, २०१२ मध्ये अभ्यास केला. दोन्ही स्कोअर बहुतेकांना एकाच पायरीवर ठेवत होते, पण पाचातल्या साधारण एकाची पायरी बदलत होती. पुढे जानेवारी २०१७ मध्ये याच संस्थेने इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन बड्या ब्युरोंवर कारवाई केली. आपण विकतो तोच स्कोअर बँका बघतात, असा समज त्यांनी ग्राहकांचा करून दिला, असा ठपका होता. ग्राहकांना १ कोटी ७६ लाख डॉलर परत करण्याचा आदेश झाला, वर ५५ लाखांचा दंड.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, अशा चार ठिकाणांहून. म्हणजे तिथे पैसे भरण्याआधी हा मार्ग वापरावा. पण एक लक्षात ठेवा, सिबिलच्या रिपोर्टमध्ये तुमच्या ठेवी आणि गुंतवणूक नसते. इथे नव्याने आलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं, की पुण्यातला उत्तम सिबिल शारजातल्या बँकेच्या हिशेबात धरला जाईलच असं नाही. इथे बऱ्याचदा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. शिक्षकांच्या पतसंस्थेच्या कर्ज समितीवर त्यांनी बरीच वर्षं काढली. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "अरे, मग यात नवीन काय? आम्हीपण तेच करायचो. माणूस सज्जन आहे का, हे विचारायची गरजच नसायची, सगळे ओळखीचे. आम्ही बघायचो पगारपत्रक. सोसायटी, विमा, फंड कापून हातात किती उरतंय? त्यात हप्ता बसला तर मंजूर, नाहीतर सख्खा मित्र असला तरी नाही."

"आणि तो रागावला तर?" मी विचारलं.

"रागवायचे की. पण नाही म्हणताना कारण सांगायचो. एवढं आधीचं कर्ज फेड, मग ये, असं. तुमच्या त्या मेसेजसारखं नाही."

बाबांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ४९ मुळे सभासदाच्या पगारातून हप्ता परस्पर कापून घेता येतो. शिवाय दोन जामीनदार असायचे. इथे त्याच जागी पगार बँकेकडे वळवणं आणि सिक्युरिटी चेक आहे. कुलूप तेच, फक्त किल्लीचा आकार वेगळा. फरक एकच, की समितीवरचा माणूस समोर बसून हिशेब दाखवायचा. इथे आपण पैसे भरून आकडा विकत घेतो, आणि ज्या हिशेबावर निर्णय होतो तो मात्र कोणी विकतही देत नाही. खरं तर तो विकत घ्यायची गरजच नाही. पगारपत्रक, हप्ते आणि कार्डांच्या मर्यादा, एवढं घेऊन बसलं की घरच्या घरी दहा मिनिटांत होतो.

मी ३० हजार मर्यादेचं एक कार्ड बंद केलं. अर्ज द्या, वाट बघा, बाकी शून्य असल्याचं पत्र घ्या, ब्युरोच्या नोंदीत बदल व्हायची वाट बघा, असं करत दीड-दोन महिने गेले. बोजा दीड हजाराने उतरला आणि पुढचा अर्ज आठवड्यात मंजूर झाला. नंतर कुतूहल म्हणून, शेवटचे पैसे भरून, स्कोअर पुन्हा पाहिला. तो काही गुणांनी घसरला होता! नवं कर्ज आणि आधीचे अर्ज यांचाही त्यात वाटा असेल. पण या वेळी स्क्रीनशॉट काढावासा वाटला नाही.

मे महिन्याच्या शेवटी काम पुरं झालं. बाबांनी नव्या भिंतीचा फोटो पाठवला, पाठोपाठ गवंड्याच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या. खाली लिहिलं होतं, "पहिला हप्ता कधी आहे? चुकवू नकोस."