वर्कशीट कोणाची? शिक्षकांसाठी कॉपीराइटची तोंडओळख



दोन वर्षांपूर्वी मी अपूर्णांकांवर एक वर्कशीट तयार केली होती. भाकरीचे तुकडे, शेताचे वाटे, सगळी चित्रं हाताने काढलेली. काही महिन्यांनी तीच वर्कशीट व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्याकडेच आली. माझं नाव गायब, त्या जागी एका खासगी क्लासचा शिक्का! राग आला. पण मग माझाच फोल्डर उघडून पाहिला. गूगलवरून उचललेली चित्रं, इतरांच्या कविता आणि कुणाचंच नाव नाही. म्हटलं, आधी आपणच कायदा नीट समजून घेऊ.

वर्गात काय चालतं?

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. लेख लिहिला किंवा चित्र काढलं की त्यावर हक्क आपोआप तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही की खाली कॉपीराइटचं चिन्हही लागत नाही. त्यामुळे 'नेटवर आहे म्हणजे फुकट आहे' हा आपला मोठा गैरसमज.

पण घाबरू नका. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठी सवलती दिल्या आहेत:

- शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी एखाद्या साहित्याची प्रत काढू शकतात.
- प्रश्नपत्रिकेत उतारा किंवा कविता देता येते, उत्तरातही ती लिहिता येते.
- शाळेच्या कार्यक्रमात नाटक, गाणं सादर करता येतं. अट एवढीच की सादर करणारे शाळेचेच असावेत आणि प्रेक्षक म्हणजे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, पालक व त्या उपक्रमाशी संबंधित मंडळी.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला तुम्ही ऐकला असेल. ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा मोठ्या प्रकाशकांनी तिथल्या अभ्यास-संचांवर दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शिकवण्याच्या हेतूसाठी जेवढं गरजेचं आहे, तेवढं साहित्य वापरता येतं. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मग अडतं कुठे?

वर्गाचं दार ओलांडलं की. तीच कविता फळ्यावर लिहिली तर प्रश्न नाही. पण ती चाल लावून यूट्यूबवर सर्वांसाठी टाकली, किंवा तीच चित्रं घालून सरावपुस्तिका विकायला काढली, तर शिकवण्याची सवलत पुरतेच असं नाही. तिथे परवानगी घ्यावी. बालभारतीच्या पुस्तकांचंही तसंच. पीडीएफ मोफत उतरवता येते, पण हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडेच राहतात.

हक्क कायमचा नसतो, बरं का. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. एक मात्र लक्षात ठेवा: जुन्या पुस्तकाचा नवा अनुवाद किंवा नवी चित्रं यांचा हक्क वेगळा असतो.

खुला परवाना म्हणजे काय?

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक चित्रासाठी परवानगी मागत कुठे फिरायचं? त्यासाठीच क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. कर्ता आधीच सांगून ठेवतो, 'माझं काम या अटींवर खुशाल वापरा.' अटी अशा:

- बाय: माझं नाव द्या.
- एसए: बदल करून पुढे दिलंत, तर त्याच परवान्याखाली द्या.
- एनसी: धंद्यासाठी वापरू नका.
- एनडी: बदललेली आवृत्ती इतरांना देऊ नका.

विकिपीडियावरचा मजकूर 'सीसी बाय-एसए' परवान्याखाली असतो. विकिमीडिया कॉमन्सवर लाखो चित्रं आहेत, प्रत्येकाखाली परवाना लिहिलेला असतो. वापरताना चार गोष्टी लिहा: चित्राचं नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि परवाना कोणता.

आपल्या वर्कशीटचं काय?

नुसतं नाव लिहिलं तर पुढच्याला कळत नाही की वापरायची की नाही. सज्जन माणूस बिचकतो आणि बाकीचे नाव कापून पुढे पाठवतात. म्हणून मी आता प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्या नावापुढे एक ओळ लिहिते: 'सीसी बाय-एनसी-एसए ४.० परवाना. नाव ठेवून वापरा, बदला, वाटा; विकू नका.'

दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून विचार करून द्या. दोन, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क संस्थेकडे असू शकतो, तेव्हा आधी मुख्याध्यापकांना विचारा.

या ओळीने चोरी थांबेल का? सगळी नाही. पण प्रामाणिक शिक्षकाला मोकळेपणाने वापरता येईल आणि नाव काढणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

पालकहो, मुलांच्या प्रकल्पात चित्र चिकटवताना खाली 'चित्र कोणाचं' एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. दुसऱ्याच्या कष्टाला नाव द्यायची सवय चौथीतच लागली, तर पुढे कायदा शिकवावा लागणार नाही.