मानमोडी : कोंबड्यांची आणि माणसांची

मानमोडी हे नाव आपल्याकडे दोन रोगांना पडले आहे. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मरतात, त्या राणीखेत रोगाला आपण मानमोडी म्हणतो. १९१८ साली जूनमध्ये इन्फ्ल्यूएंझाची साथ मुंबई बंदरातून आत आली आणि पावसाळा सरता सरता खेडोपाडी पोहोचली, तिलाही आपल्या आज्या-पणज्यांनी मानमोडीच म्हटले. त्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. राणीखेतचा विषाणू वेगळा आणि इन्फ्ल्यूएंझाचा वेगळा. परंतु खुराड्यात मरतूक सुरू झाली की "मानमोडी आली" असे म्हणून आपण गप्प बसतो, आणि कोंबड्यांच्या इन्फ्ल्यूएंझाला, म्हणजे बर्ड फ्लूला, तेवढी सवड पुरते.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. तेथेही सुरुवातीला मरतूक राणीखेतची समजली गेली होती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही हा रोग निघाला.

साथ निर्माण कशी होते?

या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानबदके व पाणपक्षी. त्यांच्या विष्ठेतून तो तळ्याकाठी, तेथून परसातील कोंबड्यांत येतो. त्याचा आनुवंशिक मसाला आठ तुकड्यांत विभागलेला असतो. एकाच जनावरात दोन जातींचे विषाणू एकदम शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवीनच विषाणू तयार होतो. डुकराला पक्ष्यांचा व माणसाचा असे दोन्ही फ्लू होऊ शकत असल्याने ही सरमिसळ त्याच्या शरीरात सोपी जाते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत पक्षी, डुक्कर व माणूस या तिघांकडचे तुकडे होते. बहुतेकांच्या शरीराला त्याची ओळख नसल्याने तो जगभर पसरला. भारतातील त्याचा पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला.

बर्ड फ्लू आजतरी माणसाकडून माणसाला सहजी होत नाही. मात्र हरियाणात २०२१ मध्ये आणि आंध्र प्रदेशात २०२५ मध्ये एकेक बालक त्याने दगावले. म्हणून कोंबड्या व डुकरे एका आवारात ठेवू नयेत, खुराड्याला जाळी लावावी आणि पाणपक्षी उतरतात त्या तळ्याचे पाणी कोंबड्यांना पाजू नये.

मरतूक दिसल्यास

राणीखेतची लस वेळेवर टोचून घ्यावी. ती बर्ड फ्लूला चालत नाही, पण तिचा दुसरा उपयोग आहे. लस दिलेल्या कोंबड्या एक-दोन दिवसांत धडाधड मरू लागल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोके सुजले, तर बर्ड फ्लूचा संशय लगेच घेता येतो. अशी मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नये, सोलू नये, ओढ्यात फेकू नये. मुलांना दूर ठेवावे. आजारी कोंबडी स्वस्तात विकून टाकण्याचा मोह तर मुळीच नको, कारण रोग बाजारातून दहा गावांत जातो. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवावे.

कळवले तर सगळ्या कोंबड्या मारतील, ही भीती खोटी नाही. रोगाचे निदान पक्के झाल्यावर एक किलोमीटर परिसरातील पक्षी नष्ट करतात. परसातल्या पाच-दहा कोंबड्या बहुधा घरातील बाईच्या हातखर्चाच्या असतात, त्यामुळे ते दुःख लहान नसते. परंतु भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवलेला प्रत्येक दिवस पैशाच्या दृष्टीनेही तोट्याचाच!

निरोगी कोंबडीचे मांस व अंडी पूर्ण शिजवून जरूर खावीत. ७० अंश सेल्सिअसच्या वर हा विषाणू तग धरत नाही. आपल्या रश्शाला तर चांगली उकळी येते. कच्चे अंडे मात्र टाळावे.

माणसाला फ्लू झाल्यास

एकाएकी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला व घसादुखी ही लक्षणे असतात. बहुतेक लोक विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ व पॅरासिटामॉल यांवर आठवड्यात बरे होतात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग होत नाही, तेव्हा डॉक्टरांकडे सुईचा हट्ट धरू नये. रुग्णाने तोंडावर रुमाल बांधावा, घरच्यांनी साबणाने हात धुवावेत.

गरोदर स्त्री, लहान मूल, वृद्ध, दमा किंवा मधुमेह असलेला माणूस यांच्या बाबतीत वाट पाहू नये. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वांत चांगला गुण येतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे. आणि घरात कोंबड्या मेल्या असतील, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते आपणहून सांगावे.