प्रतिजैविकांचा राखीव निधी

औषधांसाठी देणगी देणारे हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : भांडारात औषध आहे, रुग्णाला ताप आहे, मग डॉक्टर 'भारी' इंजेक्शन ताबडतोब का देत नाहीत? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. तथापि औषधांचा हिशेब नित्य नजरेखालून जात असल्याने हा खुलासा करणे उचित वाटते.

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये रुग्णसेवेस गेले, तेव्हा पेनिसिलिन वैद्यकांच्या हाती आलेले नव्हते. पुढे ते आले, १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि जखम चिघळून माणूस जाणे हे विरळ होऊ लागले. परंतु अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास सरावतात, हा इशारा पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, वाढतात व शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचतात. २०१२ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदविले. त्यांतील बहुतेक रुग्णांना पूर्वी ठिकठिकाणी, एकेक करून व अनेकदा चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती.

विश्वस्तांना राखीव निधीची कल्पना सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांची अशीच विभागणी केली : नेहमीच्या वापराची, लक्ष ठेवून वापरावयाची आणि राखीव. कोलिस्टिन हे राखीव गटातील. मूत्रपिंडास अपाय होतो म्हणून एके काळी बाजूला पडलेले हे जुने औषध. अन्य उपाय थकल्यामुळे ते परत काढावे लागले. असे औषध वरिष्ठ डॉक्टरांच्या संमतीवाचून भांडारातून देऊ नये, हे हिशेबी माणसालाही पटते.

भारी इंजेक्शन म्हणजे गुणकारी इंजेक्शन, हा समज मात्र फार घट्ट आहे. डेंग्यूचा ताप विषाणूमुळे येतो. त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांत छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात दिलेली एक मात्रा पुरते. पुढे पाच-सात दिवस इंजेक्शने चालू राहिली नाहीत म्हणजे हयगय झाली, असे नव्हे. गंभीर रुग्णास औषध त्वरित सुरू होते, पण शक्यतो त्याआधी रक्त अथवा लघवी कल्चर तपासणीस जाते. अहवालास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. तो हाती आल्यावर औषध बदलले वा थांबविले गेले, तर ती उपचाराचीच पुढची पायरी होय.

बाहेरच्या दुकानांसाठी १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू आहे. तीतील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत व विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊन आलेला रुग्ण नवा नाही. यास्तव दाखल होतेवेळी नातेवाइकांनी जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणावीत, ही विनंती. आणि देणगीदारांपैकी ज्यांना औषधांसाठीच रक्कम द्यावयाची आहे, त्यांनी कल्चर तपासणीच्या खर्चाचाही विचार करावा. गरीब रुग्णाचा तो खर्च टळतो, तेव्हा डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते, आणि अंदाजाचे औषध बहुधा महागडे असते.